चौथा फोटो

डलूथमध्ये रस्ते सरळ सरोवरात उतरतात,
ब्रेकवर पाय ठेवूनच जगायचं इथे.
तरी जुलैतल्या एका गुरुवारी, फार्मसीच्या कोपऱ्यावर
मी थांबले नाही म्हणे.
थांबा सांगणारी पाटी होती तिथे.
होती, पण मेपलच्या आत होती.

एकशे पस्तीस डॉलर. विमा वाढेल तो वेगळाच.
ऑफिसातली ग्रेटा म्हणाली, फोटो काढ.
कोर्टात बोलण्यापेक्षा फोटो बरा.

म्हणून रविवारी सकाळी सहाला
रस्त्याच्या मधोमध उकिडवी बसले.
खालून पानं जास्त दाट दिसत होती.
कुत्रा फिरवणारा एक म्हातारा थांबला,
वर बघत हळूच म्हणाला, पक्षी आहे का?
पाटी, मी म्हटलं.
कुठाय?
त्यालाच न्यायला हवं होतं साक्षीला.

बाबांचा बार्शीत फोटो स्टुडिओ होता.
पडद्यावर काश्मीर, पुढे डुगडुगणारं स्टूल,
आणि काळ्या कापडाआडून आवाज:
हनुवटी खाली. किंचित. हां.
रात्री निगेटिव्हवर वाकून
चार केसांच्या ब्रशने ते
मुलींच्या गालांवरचे देवीचे व्रण भरून काढायचे.
खोटं नाही गं हे, म्हणायचे,
लग्न जमेपर्यंतचं खरं आहे.
एकदा मुलाकडचे लोक असाच एक फोटो घेऊन आले,
काउंटरवर आपटून गेले.
बाबांनी तो बाहीने पुसला
आणि दर्शनी काचेत लावला.

सप्टेंबरात माझं नाव तीनदा पुकारलं गेलं.
तिसऱ्यांदा वाटलं, हे माझंच असणार.
उजवा हात वर.
न्यायाधीश हॉलव्हर्सनबाई, चष्मा दोरीला बांधलेला,
आवाज विजेचं बिल वाचावं तसा.

हे फोटो कोणी काढले?
मी.
कधी?
तीन दिवसांनी.
त्यात काही फेरफार?
नाही.
त्या दिवशी तुम्हाला जे दिसलं, तेच यांत दिसतं?

प्रश्न सोपा होता. इंग्रजीही सोपं.
पण त्या दिवशी मला दिसत होतं
भावाचं सकाळचं बोलणं:
दुकान गेलं ताई,
आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात.
पाटीचं सोडा, कोपऱ्यावर हत्ती उभा असता
तरी मी त्याच्या पायांमधून गाडी काढली असती.

आणि टेबलावर होते तीनच फोटो. निव्वळ पानं.
चौथा पर्समध्ये होता,
गाडीत बसून काढलेला, डोळ्यांच्या उंचीवरून.
त्यात दोन पानांच्या फटीत लाल दिसतं.
फार नाही. नखाएवढं.

हो, मी म्हटलं.

लिंडक्विस्ट नावाचा तो पोलीस, माझ्या मुलाच्या वयाचा,
इस्त्री मोडू नये तसा ताठ उभा,
फोटो हातात घेऊन बघत राहिला.
बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, बाईंचं बरोबर आहे.
फांदी छाटा म्हणून मीच दोनदा कळवलंय पालिकेला.

खटला रद्द. सगळं मिळून चार मिनिटं.
तिन्ही फोटोंवर शिक्के बसले, क्रमांक पडले.
ते आता सरकारी खरं.
ग्रेटाने केक आणला. मी दोन तुकडे खाल्ले.

चौथा अजून आहे.
फाडावा असं वाटलं नाही, दाखवावा असंही नाही.
गाडीच्या कप्प्यात, विम्याच्या कागदांखाली असतो.

ऑक्टोबरात मेपल झडला.
पाटी आता दोन चौक आधीपासून दिसते,
उघडीवाघडी, लालभडक,
जणू कधी लपलीच नव्हती.
मी थांबते. चाक पूर्ण थांबेपर्यंत थांबते.
समोर कोणी नसतं. मागचा हॉर्न देतो.
तेवढ्यात माझी हनुवटी
खाली जाते.
किंचित.