सुरी

आधी धुक्यावर ढकललं मी.
आमच्या फेरो बेटांत धुक्याला कोण जाब विचारणार?
मग प्रवाहावर, मग शार्कवर,
आणि प्रभुभोजनाला गुडघे टेकताना
हळूच सैतानावर.

क्लाक्सविकच्या धक्क्यावर
रेगिन अजून तेच जाळं सांधतो,
सुई धरलेली बोटं निळी.
म्हणतो, ट्रॉन्दुर, समुद्र आहे, चालायचंच.

प्रभू, माझं पाप तू क्रुसावर वाहिलंस,
लहानपणापासून पाठ आहे मला.
पण तुझ्या जखमांमागं लपून
किती हिवाळे त्याला रामराम करू?

आज सुरी घेऊन निघालोय.
मुठीवर माझीच अक्षरं आहेत.
त्याच्या मांडीवर ठेवीन.

धुकं नव्हतं, रेगिन.
मला तुझ्या जाळ्याची गाठन् गाठ
दिसत होती.