ढग खाली दिसतात तिथे

गुरुवारच्या बाजारात, जुने टायर विकणारा
आणि फक्त उजव्या पायाचे बूट विकणारी
या दोघांच्या मधे निल्दाला सर्व्हर सापडला.
कुठल्याशा बुडालेल्या बँकेचा,
कुशीला अजून मालमत्ता क्रमांकाची पट्टी.
तिनं झाकण उचलून रॅम मोजली,
लामा घेताना दात बघावेत तशी,
आणि निम्म्या किमतीला मागितला.

वाहून आणला मी. सत्तावीस किलो.
आमच्या एल आल्तोत, चार हजार मीटरवर,
परगावचा माणूस अकराव्या पायरीला खाली बसतो.
मी एकविसाव्या.

"हा ढग आहे," निल्दा म्हणाली. "खाजगी."
मी गच्चीवरून वाकून पाहिलं.
ला पाझच्या खोऱ्यात खरे ढग पडले होते,
कुणी धुणं विसरून गेल्यासारखे.
ढगांच्या वर राहणाऱ्यांनी
आणखी एक ढग वर चढवायचा कशाला?

पाणी सोसायटीच्या बिलांसाठी, म्हणाली.
नऊशे चाळीस घरं.
नवी प्रणाली थेट लावली आणि कोसळली,
तर दोन्या एउलालिया पहिली दारात.
एका हातात पावती, एका हातात काठी.
म्हणून आधी इथे:
एका यंत्राच्या पोटात सहा यंत्रं.
एक मीटरचं, एक बिलांचं, एक पावत्यांचं,
दोन या तिघांवर डोळा ठेवायला,
आणि एक नुसतं मोडायला.
मोडायच्या यंत्राला तिनं माझं नाव दिलं. विल्मेर.

आई अलासितासच्या जत्रेत इवल्या वस्तू विकते.
बोटाएवढी घरं, काड्यापेटीएवढे ट्रक,
नखाएवढी पदवीची प्रमाणपत्रं.
जानेवारीत, बाराच्या ठोक्याला घ्यायची,
धूप दाखवायचा,
वर्षात खरी होतात म्हणतात.
व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय
हे मला तीनदा सांगून कळलं नाही.
आईला पहिल्या फटक्यात.
"म्हणजे यंत्राचं अलासितास," ती म्हणाली.
"लहान आहे, पण आत वही आहे,
आणि वहीतला हिशोब खरा."
"हो."
"मग त्याला पाजायला हवं."

नवी वस्तू आली की घोट आधी जमिनीला,
मग वस्तूला. बिअर, आणि रंगीत फिती.
निल्दा सर्व्हरपुढे आडवी झाली,
हात पसरून, गोलकीपरसारखी.
शेवटी बिअर रिकाम्या खोक्यावर शिंपडली,
फिती केबलींना बांधल्या:
निळी नेटवर्कला, पिवळी विजेला.

रात्री सहावं यंत्र उठलं आणि पंखे किंचाळले.
इथली हवा विरळ. पंखा फिरतो,
पण चाळणीनं पाणी उपसावं तसं.
ऐंशी अंश. चौऱ्याऐंशी. एक्क्याण्णव.
"पिवळी ओढू?" मी ओरडलो.
"हात लावशील तर बघ!"

आई उठली. कुणाला काही न विचारता
दार सताड उघडलं.
जूनचा पठारी वारा,
गच्चीवरचे बटाटे रात्रीत दगड करणारा,
आत आला आणि थेट सर्व्हरच्या तोंडात शिरला.
सत्त्याहत्तर.
सहासष्ट.
मग आम्ही तिघं त्याच्या पाठीमागे बसलो,
ऊन वाऱ्यात पाय धरून.
मोजेसुद्धा वाळले.

पहाटे बिलं निघाली, नऊशे चाळीस.
त्यात एउलालियाचं: उणे बारा.
सोसायटीच तिला देणं लागत होती.
मी हसलो. निल्दा नाही.
तिनं ते विल्मेरमध्ये पुन्हा चालवलं,
मला मोडलं, मागच्या स्नॅपशॉटवर आणून उभं केलं,
पुन्हा मोडलं.
अकरा वेळा. अकराव्या वेळी एउलालियाला
सत्तावीस भरायचे निघाले, आणि निल्दा झोपली.

जानेवारीत आईच्या मांडवात
ट्रकच्या शेजारी पत्र्याचा एक काळा डबा,
काड्यापेटीएवढा, दोन हिरव्या टिकल्या,
मागे पिवळी फीत.
पोराला पाठुंगळी बांधलेल्या बाईनं विचारलं, हे काय?
"ढग."
"पाऊस पडतो?"
"बिलं पडतात."
बाईनं तो उलटा करून पाहिला.
पोरानं फीत तोंडात घातली.
मग म्हणाली, दोन द्या.