वास्तव्याचा पुरावा

मंगळवारी आणि शुक्रवारी, संध्याकाळी सहा ते नऊ,
मी हाल्वरसनसाहेबांच्या घरी हाल्वरसनसाहेब असतो.
सगळे दिवे लावतो, न्हाणीघरातलासुद्धा.
नळ सोडतो, दहा मिनिटं, घड्याळ लावून.
वॉशिंग मशीनमध्ये एकच टॉवेल फिरवतो,
स्वच्छ, कोरडा, कुणाच्याही अंगाला न लागलेला.
मीटर फिरला पाहिजे, एवढीच नोकरी.
बिल आलं की पिल्लेबाई ते फायलीला लावतात:
माणूस इथं राहतो, याचा पुरावा.

माणूस मी दोनदा पाहिलाय.
उंच, अवघडलेला, दुबईच्या उन्हानं नाक सोललेलं.
मला चहा विचारला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं
की या घरात साखर कुठं ठेवलीय ते मलाच ठाऊक.

तिकडे थंड समुद्रात पिंजरे टाकून मासे वाढवायचा.
सरकारनं दरसाल मोजायला घेतलं, किती आहे तुझ्याकडं,
तेव्हा उठला आणि इथं आला.
पिल्लेबाई सांगतात, तिकडच्या पेपरात पहिल्या पानावर फोटो होता.
अर्धा देश म्हणाला, आता आपण बुडालो.
अर्धा म्हणाला, पीडा टळली.

मी विचारलं, मासे कुठायत?
तिथंच.
पिंजरे?
तिथंच. मॅनेजर बघतो.
घर?
बहीण राहते.
मग गेलं काय?
पिल्लेबाईंनी चष्मा काढला, ओढणीला पुसला.
म्हणाल्या, सही.

आमच्या वाडीत होडी वर ओढायला दहा माणसं लागायची.
कासम कुवेतला गेला. नऊ.
पावश्यांचे दोघे मस्कतला. सात.
मग शरफू, आणि शरफूच्या मागोमाग मी.
त्या साली होडी पाण्यातच राहिली,
एकीकडून फळ्या सुटल्या, खेकडे राहायला आले.
आमचा फोटो कुठल्या पेपरात नव्हता.
आमच्याकडं होतंच काय मोजायला?
घरपट्टी शहाऐंशी रुपये, ती आई अजून भरते,
पावती बरणीत घालून ठेवते.

खोटं कशाला बोलू, पुढं आम्ही पैसे पाठवले.
किनाऱ्यावर विंच बसली, पिवळी, कोचीनहून आणलेली.
आता एकटा माणूस होडी वर घेतो,
बटण दाबून.
आणि एकटाच असतो तो.
आई फोनवर म्हणते, सोय झाली रे बाबा.
पुढं काही बोलत नाही. मीही नाही.

दुसऱ्यांदा आला तेव्हा हाल्वरसन नळाशी उभा राहिला.
सहावं मिनिट चालू होतं.
म्हणाला, माझ्या गावात तलाव आहे, झाकलेला, गरम पाण्याचा,
शाळेची पोरं तिथं पोहायला शिकतात.
मीही तिथंच शिकलो.
बहीण लिहिते, यंदापासून बुधवारी बंद असतो.
फक्त बुधवारी, असं दोनदा म्हणाला.
मला वाटलं, मला विचारतोय.
मी काय सांगणार? एक बुधवार म्हणजे किती,
हे मोजायचं यंत्र माझ्याकडं नाही,
असलंच तर पिल्लेबाईंच्या फायलीत असेल.
पाणी वाहत होतं. तो बंद कर म्हणाला नाही.
मीही हात पुढं केला नाही.

समोरच्या टॉवरात, छत्तिसाव्या मजल्यावर,
मंगळवारी आणि शुक्रवारी असेच सगळे दिवे लागतात.
एक बाई पडदे उघडते, मिटते, परत उघडते.
फिलिपिनो असावी. कधीपासून बघतोय तिला.
आज तिनं हात केला.
मीही केला, मालकाच्या ऐटीत,
आणि दोघांनाही हसू आलं असणार,
एवढ्या लांबून दिसलं नाही.

माझी खोली शारजाला, सहा जणांत एक पंखा.
अकरा वर्षं झाली.
तिथं मी राहतो याचा पुरावा अजून कुणी मागितलेला नाही.

नऊ वाजायला आले. टॉवेल बाहेर काढला, घडी घातली.
आज नळ आठच मिनिटांनी बंद केलाय.
बिल काही फिल्सनी कमी येईल.
पिल्लेबाईंच्या लक्षात यायचं नाही.