शामरावचा काना

परवापासून घरची हार्ड डिस्क टकटकतेय.
तीनदा टकटक, मग गप्प, मग लांब कुरकुर,
कुणी नखानं पत्रा खरवडावा तशी.

महाप्यात रात्रपाळीला
अशा चारशे डिस्का मी सांभाळतो,
अठरा डिग्रीत, स्वेटर घालून.
एखादी गेली की लाल दिवा लागतो,
मी दुसरी सरकवतो.
तिच्यात कुणाचं काय होतं
ते मला कळत नाही, त्यालाही नाही.
आणि घरी, कोपरखैरण्यात,
कॅबिनेटची एक बाजू कायम उघडी,
आत टेबलफॅनचा वारा.
बॅकअप? करू की रविवारी.
असे हजारेक रविवार झाले.

आई म्हणते, काढ ते धूड,
माझी शिलाई मशीन तरी बसेल तिथं.

डिस्क रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली,
पिशवीत गुंडाळून, मेथीच्या जुडीशेजारी.
(ऑफिसात सांगणार नाहीये हे.)
सकाळी ती चाळीस मिनिटं चालली.
चाळीस मिनिटांत माणूस काय काय उचलणार?
बारावीचा प्रोजेक्ट आला, जो नको होता.
लग्नाचे निम्मे फोटो.
आणि एक फाईल: टोळी, दोन हजार तीन.

तेव्हा मी आठवीत.
अप्पा कांदा-बटाटा मार्केटला गोण्या उचलायचे.
मुकादम म्हणाला, पोरगं कॉम्प्युटर शिकतंय ना तुझं,
मग पगाराची यादी छापून आण.
दोन बोटांनी मी सतरा नावं ठोकली होती.

फाईल उघडली.
रकमा शाबूत, पैसा न पैसा.
नावांच्या जागी
टोपी घातलेला यू, पौंडाचं चिन्ह, टक्का,
उलटा प्रश्न, पुन्हा तोच यू.
फॉन्ट गेलेला.
तो ज्या सीडीवर होता, ती गॅलरीत
आईनं कबुतरांसाठी टांगलीय.
कबुतरं तिच्यात तोंड बघतात.

अप्पांनी चष्मा लावला. 'ही कुठली भाषा?'
म्हटलं, मराठीच आहे. ओळख हरवलीय तिची.

ते नावांकडे बघेचनात, रकमा वाचू लागले.
'एकतीसशे चाळीस. हा आनंदा पिसाळ.
चार खाडे. मेहुणा वारला होता त्याचा.
अठ्ठेचाळीसशे. सोपान बर्गे. एक खाडा नाही,
पोरीचं लग्न काढलेलं.'
ते बोलत गेले, मी पाठकोऱ्या कागदावर
चिन्हापुढे अक्षर मांडत गेलो.
आनंदाचा न सोपानच्या न नं पक्का केला.
बर्गेचा रफार सर्जेरावनं.
ढाणेच्या ढला मात्र साक्षीदार मिळेना,
तो अप्पांच्या शब्दावर घेतला.

तेराव्या ओळीला अडलो.
सगळी चिन्हं जुळतायत, नाव जुळत नाही.
शमराव गुजले.

अप्पा हसले, खोकला येईपर्यंत.
'तेव्हाही आला होता भांडायला.
तुझ्या पोरानं माझा काना खाल्ला म्हणून.
वाचता कुठं येत होतं त्याला,
कारकुनानं दाखवलं, आणि पैसे अडवले.
दोन दिवस बसून होता पायरीवर,
हूक कमरेला खोचून.'

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

जुनी नोंद आहे तशी ठेवायची,
महाप्यात हा नियम मीच नव्या पोरांना शिकवतो.
थोडा वेळ बोट कीबोर्डवर तसंच धरलं.
मग दिला काना.
एवढीशी उभी काठी. वजन काहीच नाही.

तीन प्रती केल्या, तीन ठिकाणी.
अप्पा म्हणाले, चौथी त्याच्या पोराला धाड,
तुर्भ्याला टेम्पो चालवतो.
धाडली.
तासाभरानं उत्तर आलं: एक अंगठा.

अप्पांनी फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.
'बापाचाही असाच यायचा,' म्हणाले,
'फक्त निळा.'