चौकशीची खिडकी

एकतीस वर्षं ब्रनो स्टेशनात
ओताकार चौकशीच्या खिडकीत बसला.
व्हेनिसला जाताना कुठं उतरायचं, लिस्बनला कितीदा,
सगळं तोंडपाठ.
स्वतः गेला नाही कुठंच.

आता स्वयंपाकघरात टेबलभर नकाशा.
गुंडाळू नये म्हणून कोपऱ्यांवर
खसखशीची बरणी, त्याच्या गोळ्यांची डबी.
बोझेना शहरांवर बेदाणे ठेवत जाते:
व्हिएन्ना, व्हेनिस, नीस, ल्यों…
अकरा दिवस, नऊ बेदाणे.

"नीसला तीन तास."
"तेवढ्यात काय बघणार?"
"बघायचं कुठं, गाडी बदलायचीय."

ती चष्मा पुसते. पुन्हा घालते.
मग नीस उचलून
सरळ तोंडात टाकते.

त्याला हसू फुटतं. तो ल्यों खातो.
चहा निवेपर्यंत
दोघांनी जवळजवळ सगळा युरोप संपवलेला.

एक बेदाणा तेवढा उरला,
तोही कुठल्या शहरावर नाही,
घरंगळत आल्प्समधल्या
एका बोगद्याच्या तोंडाशी अडलेला.

ओताकार वाकून बघतो.
"इथं गाडी चार मिनिटं थांबते."
"का?"

एकतीस वर्षांत
हे कुणी विचारलं नव्हतं.
तो नकाशावर बोट ठेवून
नुसताच बसून राहतो.

बोझेना पेन्सिलीला टोक काढायला घेते.