साधन

मारिएहाम्नच्या संग्रहालयात, मंगळवारी आणि गुरुवारी,
मी जुने वारे उतरवून घेते.
पगार नाही. कॉफी मिळते, आणि एक दिवा
जो या दिवसांत तीनलाच लावावा लागतो.
तीस वर्षं तुर्कूच्या फेरीबोटीवर गल्ला सांभाळला,
आकडे माझ्या बोटांना ओळखतात.

यंदाची वही ‘हेर्था’ची. तीन डोलकाठ्या,
पोटात पोर्ट लिंकनचा गहू, साल एकोणीसशे नऊ.
दर चार तासांनी एक ओळ:
वारा कुठून, किती. पारा. आभाळ. समुद्र.
लिहिणारा एव्हर्ट नूरलुंड, सव्वीस वर्षांचा अधिकारी,
अक्षर शिडाच्या टाक्यांसारखं,
कुठेही दोरा सैल नाही.

माणसं समासात.
‘आठ एप्रिल. पहाटे टूरे वरच्या परबाणावरून गेला.
नैर्ऋत्य, जोर आठ. पाऊस. होडी उतरवता आली नाही.’
टूरे किती वर्षांचा, कुणाचा कोण,
याला रकाना नव्हता.

मला खटकलं ते दुसरंच.
मार्चच्या मध्यापर्यंत पारा असा:
सातशे एक्केचाळीस पूर्णांक तीन, सातशे अडतीस पूर्णांक आठ.
आणि एका पानापासून अचानक
सातशे चाळीस, सातशे पस्तीस, सातशे चाळीस,
सगळं पाचाच्या पटीत.
गल्ल्यावर असं दिसलं की आम्ही समजायचो
पोरगं अंदाजाने मोजतंय.

शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत, पेन्सिलीने,
फॅलमथला नांगर पडल्यावर लिहिलेलं सापडलं:
‘बॅरोमीटर चौदा मार्चला फुटला.
कप्तान म्हणाले, रकाना मोकळा राहता कामा नये.
तेव्हापासून पारा म्हणजे
शिडं शिवणाऱ्या मात्तेचा उजवा गुडघा.’
आणि खाली मोजपट्टी, रेघा पट्टीने आखलेल्या:
नुसता ठणका, सातशे पंचेचाळीस.
शिडी उतरवेना, सातशे चाळीस.
शिवी, सातशे पस्तीस.
शिवीसुद्धा नाही, सातशे तीस.

मी हसले. एकटीच, मोठ्याने.
खालून पहारेकऱ्याने विचारलं, काय झालं?
म्हटलं, काही नाही, पारा पडला.

आता प्रश्न अर्जाचा. ‘साधन’ या शब्दापुढे
तीनच पर्याय: पाऱ्याचं, डबीचं, अज्ञात.
हेलसिंकीचा पेट्टर, हुशार मुलगा, कळवतो:
शंकास्पद वाटलं तर सरळ वगळा.
पण त्याच आठवड्यांत त्याच पाण्यात
ब्रेमेनचं एक जहाज होतं, दीडशे मैल पुढे,
त्याचा पारा शाबूत.
दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, बोट फिरवत गेले.
गुडघा दोन-तीनच रेघांनी चुकत होता.
दोन एप्रिलच्या वादळाची वर्दी तर त्याने
जर्मनांच्या आधी चार तास दिली.

फक्त एक दिवस साफ खोटा.
नऊ एप्रिल. वारा मंद, आभाळ निरभ्र,
जर्मनांकडे सातशे अठ्ठावन्न.
‘हेर्था’वर सकाळपासून रात्रीपर्यंत, सहाही ओळींत,
सातशे तीस.

एव्हर्टला डोळे होते. आभाळ त्यानेच तर लिहिलं, निरभ्र.
तरी त्याने विचारलं असणार, दर चार तासांनी,
आणि उत्तर आलं नाही
ते तसंच मांडलं असणार.
मी एक पान मागे गेले.
मग बराच वेळ कुठेच गेले नाही.

कॉफी गार झाली. बंदरातल्या बर्फावर
कुणीतरी सायकल ढकलत चाललं होतं.
पेट्टरला अजून काही कळवलेलं नाही.
दिवा मालवला, वही फडक्यात गुंडाळली,
आणि जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर
डावा पाय अडला.
सातशे चाळीस, मी म्हटलं,
आणि कठडा धरला.