हजेरीपट

तांब्याच्या खाणीचा भोंगा बंद पडून दोन वर्षं झाली होती,
तरी आमच्या गल्लीतल्या बायका पाचलाच उठायच्या,
आणि उठून करायचं काय, म्हणून
अंधारात बसून राहायच्या.
लेक सुपिरियरवरचा वारा तेवढा पाळीवर यायचा.

मग सरकार आलं.
आलं म्हणजे एका सुटकेसमधून आलं:
कार्बनपेपर, शाई, रबरी शिक्के,
आणि माझ्यासाठी नोकरी, घरोघर जाऊन विचारायची.
गाय किती. विमा आहे का. रेडिओ.
मुलीच्या पायात नवे बूट दिसले तर कुणी दिले.
मी मान खाली घालून विचारायचे,
ते मान खाली घालून सांगायचे.
टेबलावर कागद तेवढा ताठ.

उर्हो केस्किनेनच्या परसात लाकडी सौना होती, वाफेची न्हाणी.
रकाना म्हणत होता: चैनीच्या वस्तू.
मी पेन्सिल धरून थांबले.
तो म्हणाला, "माझी तिन्ही पोरं तिथे जन्मली.
आई गेली, तिला शेवटची आंघोळ तिथेच घातली.
आता कुठल्या रकान्यात बसवायची ते तुम्हीच बघा, बाई."
मी लिहिलं: शेड. किंमत शून्य.
सरकारशी बोललेलं माझं पहिलं खोटं.

त्या हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ उपसायची योजना निघाली.
माणसं चाळीस, फावडी चाळीस,
प्रत्येक दांड्यावर तांबडा आकडा, माझ्या हातात हजेरीपट.
काउंटीचं बर्फ काढायचं यंत्र
शेडमध्ये ताडपत्रीखाली उभं.
ते दोन तासांत जे उरकेल
ते आम्हाला आठवडाभर पुरवायचं होतं.

पाहणीला आलेला तरुण इंजिनिअर हसला.
"हा शुद्ध वेडेपणा आहे!"
स्टिपे ग्रबॅच फावडं न थांबवता म्हणाला,
"साहेब, आधी त्या यंत्राचा फॉर्म भरून घ्या.
त्याला पोरं किती, विचारा."
सगळे हसले. केस्किनेन हसला नाही.
अकरा वर्षं ते यंत्र त्यानेच चालवलं होतं.

रविवारी तो शेडमध्ये जायचा,
चिंधी आणि तेलाचा डबा घेऊन.
गिअरला वंगण द्यायचा, काच पुसायचा.
मी म्हटलं, या तासांचे पैसे मिळायचे नाहीत,
त्याला रकानाच नाही.
"म्हणून तर रविवारी येतो."

जानेवारीत नऊ दिवस आभाळ कोरडं गेलं.
बर्फ नाही तर काम नाही, काम नाही तर रोज नाही.
ग्रबॅचची बायको चर्चमध्ये मेणबत्ती लावून आली,
बर्फ पडू दे म्हणून,
आणि घरी येऊन रडत बसली,
कारण धाकट्याची छाती कफाने भरली होती.
दहाव्या दिवशी पडला. गुडघाभर.
कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात पत्र आलं, तीन ओळींचं. योजना समाप्त.
यंत्र पहिल्याच हिसक्याला सुरू झालं.
वर केस्किनेन, पक्क्या पगारावर.
कडेला एकोणचाळीस जण उभे, रिकाम्या हातांनी,
आणि तो समोरच्या पांढऱ्यावरून नजर हलवीना.
दोन तासांत रस्ता मोकळा.
काय सुंदर मोकळा झाला होता तो रस्ता!

फावडी जमा करून घेतली. एकोणचाळीस भरली.
सतरा नंबर नव्हतं.
मी लिहिलं: बर्फात गहाळ.
हे दुसरं.

उन्हाळ्यात सेल्मा केस्किनेनने मला सौनेला बोलावलं.
चुलीशेजारी राख ओढायचं फावडं होतं,
दांडा कापून आखूड केलेला,
पण खरवडलेल्या तांबड्यातून सात वाचता येत होता.
तिने पाहिलं, मी काय पाहतेय ते.
मी पळीभर पाणी घेतलं
आणि तापल्या दगडांवर ओतलं.
चर्र झालं.
मग बराच वेळ काही दिसत नव्हतं.